बिनडिस्कच्या वर्कस्टेशनपासून एम्बेडेड बोर्डापर्यंत : नेटवर्क बूटिंगचा इतिहास आणि दोषनिदानाचा क्रम

प्रास्ताविक

संगणकाचा इतिहास शिकवताना प्रोसेसरचा वेग, मेमरीची क्षमता आणि प्रोग्रॅमिंग भाषांच्या पिढ्या यांवर भर असतो. यंत्र मुळात सुरू कसे होते, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात फार तर एखादा परिच्छेद मिळतो. एम्बेडेड सिस्टीमच्या प्रयोगशाळेत मात्र नेमका हाच प्रश्न तासच्या तास खातो. तळहाताएवढ्या बोर्डावर हार्ड डिस्क नसते. ऑपरेटिंग सिस्टीम शेजारच्या संगणकावरून नेटवर्कच्या केबलमधून घ्यायची असते. बोर्डाला वीज दिली, दिवा लागला आणि पुढे काहीच घडले नाही, असा प्रसंग या विषयाच्या अध्यापकांना नवा नाही. मग केबल बदलली जाते, सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल होतो, दहा सेटिंग एकदम बदलली जातात आणि शेवटी 'बोर्डच खराब आहे' असा निकाल लागतो. हा निकाल चुकीचा असेल तर चांगला बोर्ड कपाटात पडून राहतो आणि विद्यार्थ्याचा सत्राचा प्रकल्प अडतो.

नेटवर्क बूटिंग ही एक क्रिया नाही. ती पाच-सहा स्वतंत्र क्रियांची साखळी आहे. या साखळीतील कड्या वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या माणसांनी, विशिष्ट अडचणीवर उपाय म्हणून जोडल्या. कोणती कडी कोणत्या अडचणीसाठी आली हे माहीत असले, तर त्या कडीवर अडलेल्या बोर्डाचे लक्षण ओळखणे सोपे जाते. या दृष्टीने १९८० पासूनच्या घडामोडींचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मूळ अडचण

'बूट' हे 'बूटस्ट्रॅप' या शब्दाचे लघुरूप होय. बूट ओढून चढवण्यासाठी त्याच्या मागे शिवलेली पट्टी म्हणजे बूटस्ट्रॅप. स्वतःच्या बुटाची पट्टी ओढून स्वतःलाच वर उचलणे, अशी अशक्य गोष्टीची उपमा इंग्रजीत आहे. संगणकाला ती चपखल लागू पडते. कोणताही प्रोग्रॅम मेमरीत आणायला आधी एक प्रोग्रॅम लागतो. तो पहिला प्रोग्रॅम आणायचा कोणी? याचे व्यवहारातील उत्तर म्हणजे रॉम. वीज मिळताच प्रोसेसर रॉममधील छोटा प्रोग्रॅम चालवू लागतो आणि तो पुढच्या मोठ्या प्रोग्रॅमला बोलावतो.

मोठा प्रोग्रॅम डिस्कवर असेल तर हे काम तुलनेने सरळ असते. तो दुसऱ्या यंत्रावर असेल तर नवा पेच उभा राहतो. नेटवर्कवर बोलायचे तर स्वतःचा आयपी पत्ता माहीत हवा. एरवी तो पत्ता डिस्कवरच्या फाईलमध्ये लिहिलेला असतो, आणि इथे तर डिस्कच नाही. शिवाय रॉममध्ये जागा थोडी असे आणि एकदा चिप बसवली की आतला प्रोग्रॅम सहजी बदलता येत नसे. थोडी जागा आणि न बदलणारा मजकूर या दोन मर्यादा लक्षात ठेवल्या, तर पुढील सर्व प्रोटोकॉल असे का रचले गेले याचा उलगडा होतो.

१९८० ते १९८५ : तीन पायऱ्यांची घडण

पहिली पायरी फाईल आणण्याची होती. टीएफटीपी या प्रोटोकॉलचा मूळ आराखडा नोएल चिआपा यांचा. एमआयटीतील कॅरन सॉलिन्स यांनी १९८० मध्ये तो लेखी स्वरूपात मांडला आणि जून १९८१ मध्ये तो आरएफसी ७८३ म्हणून प्रसिद्ध झाला. नावातील पहिल्या अक्षराचा अर्थच 'किरकोळ' असा आहे. त्यात फोल्डरची यादी मागता येत नाही, नाव किंवा पासवर्ड विचारला जात नाही. फाईल ५१२ बाइटच्या तुकड्यांत पाठवली जाते. एका तुकड्याची पोच आल्याशिवाय दुसरा तुकडा जात नाही. ५१२ पेक्षा लहान तुकडा आला की फाईल संपली असे समजायचे. इतका साधा प्रोग्रॅम लहानशा रॉममध्ये मावतो, हेच त्याचे मोठेपण ठरले. जून १९८४ मध्ये रॉस फिनलेसन यांनी आरएफसी ९०६ मध्ये नेटवर्कवरून यंत्र सुरू करण्यासाठी टीएफटीपी वापरावा असे सुचवले.

दुसरी पायरी पत्ता मिळवण्याची. इथरनेट कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा मॅक पत्ता मिळतो. आपला मॅक पत्ता सांगून आयपी पत्ता विचारायचा, अशी 'रार्प' ही पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठातील फिनलेसन, मॅन, मोगल आणि थाइमर यांनी त्याच महिन्यात, जून १९८४ मध्ये, आरएफसी ९०३ द्वारे मांडली. तिच्यात दोन उणिवा होत्या. ती फक्त आयपी पत्ता सांगे. फाईल कोणती आणि कोणाकडून घ्यायची हे सांगत नसे. दुसरे असे की, ती आयपीच्या खालच्या थरावर चाले. त्यामुळे तिची पॅकेट राउटर ओलांडत नसत आणि नेटवर्कच्या प्रत्येक तुकड्यात वेगळा सर्व्हर ठेवावा लागे.

या उणिवा दूर करण्यासाठी स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सन मायक्रोसिस्टिम्सचे जॉन गिलमोर यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये आरएफसी ९५१, म्हणजेच बूटपी, सादर केला. बूटपीच्या एकाच उत्तरात आयपी पत्ता, सर्व्हरचा पत्ता आणि फाईलचे नाव या तिन्ही गोष्टी येतात. आधी माहिती, मग फाईल, असे दोन टप्पे त्यांनी मुद्दाम वेगळे ठेवले. त्यामुळे माहिती देणारे यंत्र आणि फाईल देणारे यंत्र वेगवेगळे असू शकते. प्रयोगशाळेत हा भेद विसरला गेला की बहुतेक गोंधळ सुरू होतो.

त्या दस्तऐवजातील दोन बारकावे आजही मोलाचे आहेत. पहिला बारकावा उत्तर पोचवण्याचा. सर्व्हर उत्तर पाठवू लागला की त्या आयपी पत्त्याचे यंत्र कोणते, असे तो आधी नेटवर्कवर विचारतो. पण ज्याला स्वतःचा पत्ताच अजून ठाऊक नाही तो क्लायंट या विचारणेला उत्तर कसे देणार? लेखकांनी ही अडचण कोंबडी आधी की अंडे आधी अशा स्वरूपाची म्हणून नोंदवली. सर्व्हरने आपल्या नोंदवहीत ती जोडी स्वतःच लिहावी किंवा उत्तर सर्वांना ऐकू जाईल असे पाठवावे, असे दोन उपाय त्यांनी सुचवले. दुसरा बारकावा पुन्हा विचारण्याचा. वीज जाऊन परत आली तर इमारतीतील सगळी यंत्रे एकदम सर्व्हरकडे धावतील. म्हणून दोन प्रयत्नांमधले अंतर सुमारे ४ सेकंदांपासून दुप्पट करत ६० सेकंदांपर्यंत न्यावे आणि त्यात थोडी अनियमितता ठेवावी, असे त्यांनी सांगितले. भारनियमनाचा अनुभव असलेल्या प्रयोगशाळेला या सूचनेचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

बिनडिस्कची वर्कस्टेशने

या प्रोटोकॉलांमागे आर्थिक कारण होते. १९८० च्या दशकात हार्ड डिस्क महाग होत्या. एका सर्व्हरवर मोठी डिस्क ठेवून अनेक बिनडिस्कची वर्कस्टेशने चालवणे स्वस्त पडे. सन कंपनीची सन-३/५० सारखी यंत्रे या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आल्यावर बाकीच्या फाईली कोठून घ्यायच्या, या प्रश्नाला सनच्याच एनएफएसने उत्तर दिले. साखळीची तिसरी पायरी अशी पूर्ण झाली : पत्ता, कर्नल आणि मग मूळ फाईलसिस्टीम.

सनच्या यंत्रांची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्राला मिळालेला आयपी पत्ता हेक्साडेसिमल अंकांत लिहून तोच फाईलच्या नावासाठी वापरला जाई. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.५ या पत्त्यातील १९२ चे 'सी०', १६८ चे 'ए८', १ चे '०१' आणि ५ चे '०५' होते. म्हणून मागितलेल्या फाईलचे नाव 'सी०ए८०१०५' असे होते. ही अक्षरे मोठ्या लिपीतली, म्हणजे कॅपिटल, असावी लागत. पुढे लिनक्ससाठीच्या पीएक्सई-लिनक्स या बूटलोडरनेही सेटिंगची फाईल शोधताना हीच रीत वापरली. यंत्राला पत्ता मिळतो पण फाईल सापडत नाही, अशा वेळी सर्व्हरवरील नाव लहान अक्षरांत लिहिले गेले आहे का, हे पाहण्यामागे हा इतिहास आहे.

साधेपणाची किंमत

टीएफटीपीचा साधेपणा उपयोगी ठरला, तसा महागातही पडला. त्याच्या इतिहासातील चार प्रसंग दोषनिदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रसंग 'जादूगाराचा शिष्य' या नावाने ओळखल्या गेलेल्या दोषाचा. समजा सर्व्हरने पाचवा तुकडा पाठवला आणि त्याची पोच यायला उशीर झाला. सर्व्हर कंटाळून पाचवा तुकडा पुन्हा पाठवतो. क्लायंट दोन्हींची पोच देतो. जुन्या नियमाप्रमाणे प्रत्येक पोचेला पुढचा तुकडा पाठवायचा असल्याने सहावा तुकडा दोनदा जातो, सातवा दोनदा जातो, आणि शेवटपर्यंत सगळेच दुप्पट होते. गटेच्या कवितेत शिष्याने झाडू तोडल्यावर त्याचे दोन झाडू होऊन दोघेही पाणी भरू लागतात, त्यावरून हे नाव पडले. फाईल पोचत असे, पण नेटवर्कवरचा भार दुप्पट होई. दुबार पोच आली तर तुकडा पुन्हा पाठवायचा नाही, केवळ ठरलेली वेळ टळल्यावरच पाठवायचा, ही दुरुस्ती १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये सक्तीची करण्यात आली आणि जुलै १९९२ च्या आरएफसी १३५० मध्ये मूळ प्रोटोकॉलात आली.

दुसरा प्रसंग सुरक्षिततेचा. पासवर्डच नसल्याने ढिलाईने बसवलेल्या सर्व्हरवरून कोणीही कोणतीही वाचनीय फाईल उचलू शके. असे हल्ले प्रत्यक्ष होत असल्याचा इशारा अमेरिकेतील सीईआरटी या संस्थेने १९९१ मध्ये दिला. एकाच ठरावीक फोल्डरबाहेरच्या फाईली द्यायच्या नाहीत, हा निर्बंध अशा अनुभवांतून रूढ झाला. त्यामुळे आज फाईल डिस्कवर डोळ्यांना दिसते, तरी सर्व्हर 'फाईल नाही' असे सांगतो. बोर्डाने संपूर्ण मार्ग मागितलेला असतो आणि सर्व्हर मात्र आपल्या फोल्डरलाच मूळ धरून बसलेला असतो. किंवा त्या फाईलवर सर्वांना वाचण्याची परवानगी दिलेली नसते.

तिसरा प्रसंग आकाराचा. तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा असतो. ५१२ बाइटच्या हिशेबाने साधारण ३२ मेगाबाइटनंतर क्रमांक संपतात. १९८१ मध्ये एवढी मोठी बूट फाईल कोणाच्या मनातही नव्हती. क्रमांक संपल्यावर काय करायचे हे मूळ नियमांत नसल्याने काही सर्व्हर पुन्हा ० पासून मोजू लागले, काही १ पासून. दोन बाजूंचे गणित जुळले नाही तर फाईल ३२ मेगाबाइटच्या आसपास येऊन अडकते. तुकड्याचा आकार वाढवण्याची सोय १९९५ मध्ये आली आणि १९९८ च्या आरएफसी २३४८ मध्ये ती सुधारून मांडली गेली. इथरनेटच्या एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. त्यातून आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे ४ बाइट वजा केले की १४६८ उरतात. याहून मोठा तुकडा मागितला तर पॅकेटची फोड होते, आणि रॉममधील छोट्या प्रोग्रॅमला ते तुकडे पुन्हा जोडता येतीलच असे नाही.

चौथा मुद्दा पोर्टचा. विनंती ६९ क्रमांकाच्या पोर्टवर जाते, पण सर्व्हर उत्तर मात्र नव्याच पोर्टवरून देतो. फायरवॉलमध्ये फक्त ६९ मोकळा ठेवला असेल, तर सर्व्हरच्या नोंदीत विनंती आलेली दिसते आणि बोर्ड तरीही वाट पाहत राहतो.

डीएचसीपी आणि पीएक्सई

बूटपीत प्रत्येक यंत्राची नोंद आधी हाताने करावी लागे. लॅपटॉप वाढले तशी ही पद्धत अपुरी पडली. राल्फ ड्रोम्स यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपीचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ ने त्याला रूढ रूप दिले. पॅकेटची घडण बूटपीचीच ठेवली गेली आणि ६७ व ६८ हे पोर्टही तेच राहिले. पत्ता ठरावीक मुदतीपुरता देणे ही नवी गोष्ट होती. इंटेलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस डीएचसीपी आणि टीएफटीपी यांना एकत्र गुंफून पीएक्सई हा घरगुती व कार्यालयीन संगणकांसाठीचा आराखडा पुढे आणला. त्याची २.१ ही आवृत्ती सप्टेंबर १९९९ ची आहे.

या सोयीने एक नवा दोषही आणला. डीएचसीपी सर्वत्र झाल्यामुळे एका नेटवर्कवर दोन सर्व्हर सहज येतात : एक अध्यापकाने मुद्दाम बसवलेला, दुसरा कोपऱ्यातल्या वायफाय राउटरमधला. बोर्ड बहुधा आधी आलेले उत्तर स्वीकारतो. राउटरच्या उत्तरात पत्ता असतो, पण बूट फाईलचे नाव नसते. परिणामी तोच बोर्ड सकाळी सुरू होतो आणि दुपारी होत नाही. असा अनियमित दोष दिसला की हार्डवेअरकडे वळण्यापूर्वी दुसऱ्या सर्व्हरचा शोध घ्यावा.

स्विचचाही वाटा असतो. नेटवर्कमध्ये वर्तुळ तयार होऊ नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या स्पॅनिंग ट्री या जुन्या पद्धतीत, केबल जोडल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवते. या ३० सेकंदांत बोर्डाची पॅकेट पुढे जातच नाहीत. घाईने विचारून थकणारा रॉमचा प्रोग्रॅम त्याआधीच थांबू शकतो.

एम्बेडेड बोर्ड आणि यू-बूट

बिनडिस्कची वर्कस्टेशने मागे पडली, कारण डिस्क स्वस्त झाल्या. पण त्याच सुमारास ही पद्धत एम्बेडेड क्षेत्रात रुजली. तिथे हेतू वेगळा होता. बोर्डावर नवा कर्नल तपासायचा तर दर वेळी फ्लॅश मेमरी पुसून लिहिणे वेळखाऊ असते आणि फ्लॅशची लेखनमर्यादाही असते. नेटवर्कवरून कर्नल घेतला तर सर्व्हरवरची फाईल बदलली की काम झाले.

या क्षेत्रात सर्वाधिक पसरलेला बूटलोडर म्हणजे यू-बूट. मॅग्नस डॅम यांनी मोटोरोलाच्या पॉवरपीसी ८xx प्रोसेसरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमपासून त्याची सुरुवात झाली. जर्मनीतील वोल्फगांग डेंक यांनी १९९९ मध्ये तो 'पीपीसीबूट' या नावाने खुल्या विकासासाठी ठेवला. एआरएम आणि इतर प्रोसेसर सामील झाल्यावर नोव्हेंबर २००२ मध्ये 'दास यू-बूट' हे नाव आले. त्यात पाणबुडीसाठीच्या जर्मन शब्दावर श्लेष आहे. डेंक यांचे २०२२ मध्ये निधन झाले. प्रकल्प आजही चालू आहे.

यू-बूटने केलेला मोठा बदल म्हणजे मुक्या रॉमला वाचा मिळाली. सीरियल केबल जोडली की बोर्ड प्रत्येक पायरीचा अहवाल देतो. फाईल येत असेल तर हॅशची चिन्हे उमटतात. पोच येत नसेल तर 'टी' हे अक्षर उमटते, ते 'टाइमआउट'चे. सर्व्हरचे यंत्रच सापडत नसेल तर पत्ता शोधण्याचे प्रयत्न संपल्याचा वेगळा संदेश येतो. हे तीन संदेश तीन वेगळ्या पायऱ्यांवर बोट ठेवतात. सर्व्हरचे यंत्र सापडले नाही, तर टीएफटीपीची सेटिंग बदलून काही उपयोग नाही. तिथे केबल, आयपी पत्ता किंवा सबनेट तपासायचे असते. उलट 'टी' उमटू लागले, तर केबल बहुधा ठीक आहे. सर्व्हरचा प्रोग्रॅम बंद असेल किंवा फायरवॉल आड येत असेल.

यू-बूटबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. विद्यार्थी संगणकावरून बोर्डाला पिंग करतो, उत्तर येत नाही, म्हणून नेटवर्क बंद आहे असे ठरवतो. यू-बूट एका वेळी एकच काम करतो. नेटवर्कची आज्ञा चालू नसेल तेव्हा तो नेटवर्ककडे लक्षच देत नाही. म्हणून पिंग करायचे ते बोर्डाकडून सर्व्हरकडे, उलट नव्हे.

दुसरा दोष मॅक पत्त्याचा. अनेक बोर्डांवर हा पत्ता यू-बूटच्या सेटिंगमध्ये साठवलेला असतो. वेळ वाचवण्यासाठी एका बोर्डाची फ्लॅश जशीच्या तशी दहा बोर्डांवर उतरवली, तर दहाही बोर्डांचा मॅक पत्ता एकच होतो. एकेकटा बोर्ड व्यवस्थित चालतो. दोन एकत्र लावले की दोन्ही अडखळतात. यंत्र मॅक पत्त्यावरून ओळखायचे, हे रार्पपासून चालत आलेले गृहीतक इथे मोडते.

फाईल पूर्ण आल्यानंतरचे दोष नेटवर्कचे नसतात, हेही विद्यार्थ्यांना सांगावे लागते. कर्नल सुरू होत असल्याचा संदेश आला आणि नंतर शांतता पसरली, तर कन्सोलचे नाव, डिव्हाइस ट्री किंवा मेमरीतील जागा चुकलेली असण्याचा संभव अधिक. आणि कर्नल बोलू लागला पण मूळ फाईलसिस्टीम मिळाली नाही, तर साखळी शेवटच्या, म्हणजे एनएफएसच्या, कडीवर अडली आहे. यू-बूटचा इथरनेट ड्रायव्हर आणि कर्नलचा इथरनेट ड्रायव्हर हे दोन स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत. पहिला चालला म्हणून दुसरा चालेलच असे नाही. जुना बोर्ड आणि नवा सर्व्हर अशी जोडी असेल तर आवृत्तीही पाहावी. जुने कर्नल एनएफएसची दुसरी आवृत्ती गृहीत धरत. लिनक्सने २०२३ च्या ६.२ आवृत्तीत सर्व्हरच्या बाजूचा तिचा आधार ऐच्छिक करून मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवला.

न बदलणाऱ्या रॉमचा धडा : रास्पबेरी पाय ३

फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ३ या बोर्डाचे उदाहरण या इतिहासाचे सार सांगते. त्याच्या चिपमधील कायमस्वरूपी रॉममध्ये नेटवर्क बूटची सोय होती. एसडी कार्डवरून एकदा एक सेटिंग देऊन ती कायमची चालू करावी लागे. पण त्या रॉममध्ये काही दोष राहून गेले होते आणि उत्पादकांनी आपल्या अधिकृत माहितीत त्यांची यादी दिली. डीएचसीपीला पाच प्रयत्नांत उत्तर मिळाले नाही तर बोर्ड थांबे. टीएफटीपी सर्व्हर दुसऱ्या सबनेटवर असेल तर चालत नसे. राउटरमार्फत डीएचसीपीची विनंती पुढे पाठवण्याची सोय चालत नसे. फाईल घेत असताना मध्येच पत्त्याची विचारणा आली तर तिला उत्तर न जाण्याची शक्यता असे.

ही यादी आणि १९८५ चा आरएफसी ९५१ शेजारी ठेवून वाचले, तर बरेच काही उलगडते. चिकाटीने आणि वाढत्या अंतराने पुन्हा विचारा, सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कवर असू शकतो, पत्त्याच्या विचारणेची काळजी घ्या, या गोष्टी तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेल्या होत्या. चिपमध्ये कोरलेला प्रोग्रॅम दुरुस्त करता येत नसल्याने वळसा घ्यावा लागला. एसडी कार्डवर बूटची फक्त एक छोटी सुधारित फाईल ठेवायची आणि पुढचे सगळे नेटवर्कवरून घ्यायचे, असा तो उपाय होता. मार्च २०१८ च्या ३ बी प्लस या बोर्डात रॉममधील दोष दूर केले गेले. जून २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये बूटचा मुख्य प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येणाऱ्या ईईप्रॉममध्ये ठेवला गेला. त्यामुळे नेटवर्क बूटची सोय बोर्ड बाजारात आल्यानंतर अद्ययावत करून देता आली.

दोषनिदानाचा क्रम

वरील इतिहासातून प्रयोगशाळेसाठी पुढील क्रम हाती येतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये.

१) केबल जोडल्यावर इथरनेटचा दिवा लागतो का? सीरियल केबलवर बोर्ड काही बोलतो का?

२) बोर्डाची पत्त्याची विनंती सर्व्हरपर्यंत पोचते का? पोचत नसेल तर स्विच, केबल, राउटर.

३) उत्तर जाते का, आणि ते नेमक्या कोणत्या सर्व्हरचे? त्यात बूट सर्व्हरचा पत्ता आणि फाईलचे नाव आहे का?

४) फाईलची विनंती येते का? नाव, अक्षरांचा आकार, फोल्डर आणि परवानगी जुळते का?

५) फाईल पूर्ण पोचते का? अर्धवट थांबत असेल तर ती दर वेळी त्याच आकड्यावर थांबते का?

६) कर्नल बोलतो का? बोलत असेल तर मूळ फाईलसिस्टीम मिळते का?

दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतच्या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने द्यावी लागत नाहीत. सर्व्हरवर टीसीपीडंप किंवा वायरशार्क चालवले की प्रत्येक पॅकेट दिसते. १९९८ मध्ये 'इथरिअल' या नावाने सुरू झालेला आणि २००६ पासून वायरशार्क म्हणून ओळखला जाणारा हा प्रोग्रॅम मोफत आहे. पाचव्या प्रश्नातील शेवटचा भाग विशेष उपयोगी आहे. त्याच जागी थांबणारी फाईल नियमातील मर्यादेकडे बोट दाखवते. दर वेळी वेगळ्या जागी थांबणारी फाईल केबल, स्विच किंवा वेगाच्या जुळणीकडे.

समारोप

नेटवर्क बूटिंगचा इतिहास मोठ्या शोधांचा नाही. थोड्या जागेत काम भागवणारे प्रोग्रॅम आणि त्यांच्या मर्यादा उघड झाल्यावर केलेल्या दुरुस्त्या, असे त्याचे स्वरूप आहे. १९८० च्या दशकात घेतलेले निर्णय आजच्या बोर्डातही टिकून आहेत, कारण रॉममध्ये एकदा बसलेली गोष्ट जुन्या यंत्रांच्या सोयीसाठी पुढेही सांभाळावी लागते. म्हणून हे आरएफसी केवळ जुने कागद नव्हेत. त्यांची भाषा सोपी आहे, आरएफसी ९५१ सारखा दस्तऐवज पदवीच्या विद्यार्थ्याला एका बैठकीत वाचता येतो आणि तो सर्वांना मोफत उपलब्ध आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक सूचना पुढे येते. एम्बेडेड प्रयोगशाळेच्या पहिल्या तासाला चालू होणारा बोर्ड दाखवण्याऐवजी एक कडी मुद्दाम तोडलेला बोर्ड द्यावा. कधी फाईलचे नाव लहान अक्षरांत, कधी दुसरा डीएचसीपी सर्व्हर, कधी फायरवॉल. मग वरील सहा प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांना वहीत क्रमाने लिहायला लावावीत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची अट घालावी. यासाठी एक जुना संगणक, एक स्विच आणि एक स्वस्त बोर्ड एवढे साहित्य पुरते. 'बोर्डच खराब आहे' हे वाक्य सहाव्या प्रश्नानंतरच उच्चारायचे, एवढी शिस्त लागली तरी कपाटात पडलेले काही बोर्ड पुन्हा टेबलावर येऊ शकतील.